फिश टँकमधलं विसर्जन

यंदा चौकात मखरांचे स्टॉल लागले आणि माझं डोकं फिरलं. दौंडातल्या बाकी सगळ्यांना उत्साह आला होता. ढोलपथकाची पोरं संध्याकाळी मैदानात सराव करतात. त्या दणक्यानं आमच्या हॉलमधल्या फिश टँकचं पाणी थरथरतं, पाण्यातली पानं थरथरतात, आणि मी टँकसमोर खुर्ची टाकून दात खात बसतो. सुरेखा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातूनच ओरडते, "बीपीची गोळी घेतली का?" घेतलेली असते. पण हा राग गोळीनं उतरणारा नाही. गेल्या भाद्रपदापासून तो मुरत घातलाय, कैरीच्या लोणच्यासारखा, आणि आता चांगला सुटलाय.

आधी टँकचं सांगतो. पन्नाशीला आली की माणसं गुडघ्यांना तेल लावतात, प्लॉटचे व्यवहार करतात, नाहीतर सकाळी चालायला जाऊन राजकारण बोलतात. मी पाण्यात झाडं लावायला घेतली. मासे पाळणं त्या मानानं सोपं. मासा भुकेला असला की वर येऊन तोंड उघडतो, आजारी असला की कोपऱ्यात जाऊन बसतो, घरातल्या माणसासारखंच. झाड काही सांगत नाही. पान पिवळं पडलं की खत कमी. तपकिरी पडलं की उजेड कमी. हिरव्या केसांसारखं शेवाळ चढलं की उजेड जास्त, नाहीतर खाणं जास्त, नाहीतर दोन्ही. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तिथं नटबोल्ट कमी पडले की रॅकवर दिसतं. इथं काय कमी पडलंय हे झाड मेल्यावर कळायचं.

पुण्याच्या दुकानातून आणलेली झाडं पहिल्या आठवड्यातच विरघळायची. विरघळायची म्हणजे खरोखर, पानाला बोट लावलं की बोटाला शेंबडासारखं काहीतरी यायचं. दुकानदाराला फोन केला की तो शांतपणे म्हणायचा, "काका, पाणी बदललं की झाड जुनी पानं टाकतं, मग नवी येतात. तुम्ही फक्त हात लावू नका." आता हात न लावणं हे आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. झाडानं मूळ धरलंय की नाही हे मी रोज उपटून बघायचो. रोज बघायचो म्हणून ते धरायचं नाही, आणि धरत नाही म्हणून मी रोज बघायचो.

त्यातून पाहुणे. आमच्या पाहुण्यांनी त्या टँकचा जो छळ केलाय तो लिहायला घेतला तर वेगळं पुस्तक होईल. एक मामा आल्या आल्या काचेवर टिचक्या मारायचे. एक आत्या मासे उपाशी दिसतात म्हणून ताटातली शेव टाकायच्या, आणि वर म्हणायच्या, "मुक्या जीवाला घातलं की पुण्य लागतं." पुण्य त्यांना लागायचं, शेवाळ मला. माझा मेव्हणा तर सरळ विचारायचा, "दाजी, मासे किती बारकेत! आन् हे गवत कशाला लावलंय पाण्यात? भाईर काय कमी हाय?" मी त्यांना सांगायचो की झाडं हीच खरी गोष्ट आहे, मासे नावापुरते. ते सुरेखाकडं बघायचे. सुरेखा छताकडं बघायची.

तेवढ्यात आई गेली आणि इनामगावचं घर बंद करून आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडं दौंडला राहायला आले. आयुष्य घोड नदीच्या काठावर काढलेला माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुठं बसणार? बाल्कनीत बसले, कंटाळले. टीव्हीसमोर बसले, कंटाळले. मग टँकसमोर बसले आणि तिथंच राहिले. चारदोन दिवस नुसतं बघून झाल्यावर म्हणाले, "ह्या पुण्याच्या झाडांला कशाला पैसं घालतोस? घोडंत बक्कळ हुतं की रिबिनीचं गवात."

मला ते गवत आठवलं ते डोळ्यांनी नाही, पायांनी आठवलं. लहानपणी गणपती पोचवायला आम्ही नदीत उतरायचो. पाट आप्पांच्या डोक्यावर, मी त्यांच्या सदऱ्याला धरून मागं. पाणी गार, आणि त्या काळी इतकं निवळ की कमरेएवढ्या पाण्यातही स्वतःच्या पायाची बोटं दिसायची. खाली वाळू, आणि वाळूतून वर आलेल्या त्या लांब हिरव्या रिबिनी, प्रवाहाबरोबर एकाच बाजूला झोपलेल्या. त्या घोट्याला गुंडाळल्या की मी किंचाळायचो. आप्पा मागं न बघता म्हणायचे, "काय न्हाई करत. कोण आलंय ते बघतीया." मग ते थोडं पुढं जायचे, तीन बुड्या द्यायचे आणि हात सोडायचे. पाणी मूर्ती घ्यायचं, बस्स. येताना त्याच पाटावर मूठभर वाळू घ्यायची. ती घरी आणून कणगीत, गोठ्यात, चार कोपऱ्यांत टाकायची. देव गेला तरी त्याच्या वाटेवरची वाळू घरात राहते, असा त्याचा अर्थ असावा. आम्हाला कुणी अर्थ सांगितला नव्हता, वाळू सांडू नको एवढंच सांगितलं होतं.

तर आप्पांना घेऊन मी इनामगावला गेलो आणि जुन्या पाणवठ्याजवळच्या एका डबक्यात ते गवत आम्हाला सापडलं. चार झुबके. नदीत म्हणावं तर कुठंच नव्हतं, त्या डबक्यात तेवढं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं, वाळूत लावलं, आणि आप्पा शेजारी बसल्यामुळं मला ते उपटून बघता आलं नाही. म्हणून ते जगलं! वाळूखालून त्याला दोऱ्या फुटायच्या, वीतभर पुढं जाऊन नवा झुबका वर यायचा. पुण्याची झाडं जिथं जिथं मेली होती तिथं तिथं ते पोचलं. पाण्यावर येऊन पानं आडवी पसरायला लागली. सकाळी दिव्याखाली त्या पानांच्या कडेनं बारीक बुडबुडे वर जायचे, मोत्यांच्या माळा सुटल्यासारखे. मी भेटेल त्याला सांगायचो, "हे पाणी जिवंत आहे. मासा घाण करतो, ती झाड खातं, झाड श्वास सोडतं, तो मासा घेतो. दौंडात असं पाणी दुसरीकडं दाखवा." आप्पा मान डोलवायचे. मला वाटायचं, कौतुकानं डोलवतात. ते तर माझं म्हणणं खरं मानत होते.

आता भीमेचं. आमच्या घरापासून नदी लांब नाही. वारा तिकडून आला की खिडक्या लावून घ्यायच्या एवढ्याच अंतरावर आहे. वर पाणी दिसतच नाही, जलपर्णीचा हिरवागार गालिचा दिसतो. त्याला सुंदर जांभळी फुलं येतात. पुलावर गाडी थांबवून लोक फोटो काढतात. एकदा एका बाईंनी माझ्यासमोर म्हटलं, "किती हिरवंगार आहे ना इथं!" मी त्यांना काही बोललो नाही, पण घरी येऊन सुरेखाला बोललो आणि तिनं गोळीची आठवण केली. अहो, मासे पाळणारं कुणीही शाळकरी पोर सांगेल, की टँकमध्ये मूठभर खाणं जास्त पडलं की पाणी हिरवं होतं. ही हिरवाई नाही, हे अजीर्ण आहे. अख्खीच्या अख्खी शहरं भीमेत आपल्या मोऱ्या सोडतात. दौंडही सोडतं. आमच्याही मोरीचं पाणी जिन्याखालच्या पाइपातून तिकडंच जातं, आणि मी इकडं काचेच्या पेटीत नळाचं पाणी शिळं करून, क्लोरीन उडवून, मोजून मापून ओततो. दोन बादल्या नदी मी घरात जपतो आणि बाकीची मरू देतो. ह्याला छंद म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आप्पांना मी एका मंडळानं ठेवलेल्या हौदावर नेलं होतं. त्यांचा गणपती शाडूचा, वीतभर उंचीचा. हौदाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्यानं तो हाताला धरून घेतला, एकदा बुचकळला आणि मागच्या ट्रॉलीत बाकीच्या मूर्तींवर ठेवला. चांगल्या हेतूनंच करत होता बिचारा, घामानं भिजला होता. मागं ही रांग. आप्पा पाट हातात धरून उभे. "वाळू?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, सरका पुढं."  परतीच्या वाटेवर आप्पांनी रिकामा पाट मांडीवर धरला होता.

आणि मग गेल्या वर्षीचा पाचवा दिवस. माझी सकाळची पाळी होती. संध्याकाळी आपण काहीतरी करू, एवढंच मी आप्पांना सांगून गेलो होतो. "काहीतरी करू" हे वाक्य आमच्याकडं सगळ्याच गोष्टींना चालतं, नदीलाही तेच चालत आलंय. दुपारी सुरेखा शेजारी हळदीकुंकवाला गेली. आप्पांनी एकट्यानं आरती केली, टँकचं झाकण काढलं, दिवा लावला आणि तीन बुड्या देऊन गणपती माझ्या रिबिनींच्या मधोमध सोडला. एवढ्यावर थांबले नाहीत. पाट घेतला आणि टँकच्या तळातून वाळू उपसली. वाळूबरोबर झुबकेच्या झुबके मुळांसकट वर आले. ते बाजूला ठेवून त्यांनी वाळू धान्याच्या कोठीत टाकली, फ्लॅटच्या चारही कोपऱ्यांत टाकली, आणि फ्लॅटला गोठा नाही म्हणून माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकली.

मी घरी आलो तर टँकचं ताक झालं होतं. पांढरंफेक. फिल्टर घरघरत होता. मासे पृष्ठभागाला तोंडं लावून धापा टाकत होते. पानांवर शाडूचा थर. आणि आप्पा समोरच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून.

"आप्पा, हे काय केलं?"

"पोचवला."

"इथं?"

"मग कुठं? तू सांग."

मी सांगितलं नाही, ओरडलो. खूप ओरडलो. एवढी वर्षं खपलो, झाडं मेली, मासे मरतील, तुम्हाला काही कळतं का. सुरेखा दारात हळदीकुंकवाची पिशवी घेऊन उभी. आप्पा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तूच म्हनला हुतास, दौंडात येवढंच पानी जित्तं हाय. मेलेल्या पान्यात कसा सोडू त्याला? तुज्या घरी आलेला पावना तू गटारात घालवशील का?"

"आणि माझी झाडं?"

"येत्याल की परत. द्येव दर साली येतो, झाडाला काय झालं यायला?"

मी बाह्या सारून कामाला लागलो. मासे बादलीत काढले. पाणी उपसलं, नवं घातलं, पुन्हा उपसलं. एकेक पान दोन बोटांत धरून पुसलं, शेंबडं पोर धरून तोंड पुसावं तसं. पानाला उजेड मिळाला नाही तर पान कुजतं, त्याला देवाची माती आणि बांधकामाची माती सारखीच. सुरेखा बादल्या उचलत होती आणि एकदाही छताकडं बघत नव्हती. पाणी थोडं निवळल्यावर तळाशी मूर्तीचा उरलेला गोळा दिसला. मी तो उचलायला हात घातला, तेव्हा आप्पा खुर्चीवरून बोलले. आवाज वेगळाच होता.

"एक चुकलं माझं. नदीत सोडला की दिसत न्हाई रं. हितं समदं दिसलं. पयली सोंड गेली. मंग हात. मंग डोळं आलं भाईर, रंग सुटला. माज्याकडं बघत बघत ग्येला त्यो. मला बघवंना आन् उठवंना. इतकी सालं पोचवला, पन त्यो जातो कसा, ते कंदी बघितलं नव्हतं. बघायचं नसतं ते. म्हनून तर नदी लागती."

माझा हात पाण्यातच राहिला. त्यांच्यावरचा राग गेला म्हणणार नाही, पण त्याला धरायला जागा उरली नाही. मग तो भलतीकडंच पसरायला लागला.

गवत जगलं, अर्ध्याच्या वर कुजून मग पुन्हा फुटलं. दोन मासे मात्र गेले. ते सोडा. यंदा श्रावणात आप्पा म्हणाले, एकदा घोडंकडं जाऊन बघू, एखादी जागा असंल. गेलो. मागच्या वेळचं डबकंही नव्हतं. पाणवठ्याखाली पात्रात खड्डे, एकेका खड्ड्यात आमचा फ्लॅट मावेल. सगळी वाळू काढून नेलेली. खाली नुसती काळी चिकण आणि दगड. निमोण्याकडच्या अंगाला गेलो, तिथंही तेच. टँक सांभाळणाऱ्या माणसाला हे बघून काय होतं ते मी कसं सांगू? झाडाला खत नंतर लागतं, उजेडही नंतर, आधी मूळ रोवायला वाळू लागते. ती ट्रक भरभरून उचलली. कुणी उचलली ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. त्या ट्रकांच्या पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत देवांची नावं होती, हे मी स्वतः बघितलेलं आहे. देवाच्या नावानं गाडी पळवायची आणि देवाची वाट उपसून विकायची! आणि दरवर्षी भाद्रपदात हीच माणसं गुलाल उधळत पुढं. मी काठावर उभा राहून काहीतरी अर्वाच्य बोललो. माझ्या वयाला शोभत नव्हतं. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग वाकून एक मूठ चिकण उचलली, बघितली आणि टाकून दिली. हात मात्र बराच वेळ धोतराला पुसत राहिले.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आप्पा, मी झाडं बादलीत काढून ठेवतो. टँक रिकामा करून देतो तुम्हाला. काचेला बाहेरून फडकं लावू."

"नगं."

"मग मूर्ती कधी आणायची? सांगून ठेवावं लागतं."

"आनायची न्हाई यंदा. सुतक हाय."

मला वाटलं, गावाकडं भावकीत कुणी गेलं असेल आणि ह्यांना फोन आला असेल. "कोण गेलं?"

आप्पांनी खिडकीकडं हात केला. वारा नदीकडून होता. खिडकी लावलेली होती.

मी चिडलो. घरात सगळे धडधाकट असताना सुतक पाळायचं? पणजोबांपासून एक वर्ष चुकलं नाही आणि आता हे? सुरेखाही म्हणाली, "आप्पा, लोक काय म्हणतील?" पण आप्पांनी चतुर्थीला कपाळाला गंध लावलं नाही. देवापुढं दिवा लावला नाही. कोनाडा मोकळा ठेवला आणि त्याच्यासमोर चटई टाकून बसले. आमच्या बिल्डिंगमध्ये चारही मजल्यांवर आरत्या चालू आणि आमच्या घरात फक्त फिल्टरचा आवाज. शेजारचे येऊन दारातूनच हळू आवाजात विचारायचे, मी तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. लाज वाटत होती मला, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डाचे एक भावी नगरसेवक दर्शनाला आले. हे भावी बरीच वर्षं आहेत. पांढरेशुभ्र कपडे, बरोबर चार कार्यकर्ते, हातात पेढ्यांचा बॉक्स. घरोघर गणपतीला हात जोडत, फोटो काढत चालले होते. आम्ही काही बोलायच्या आत आत आले, सुरेखानं सवयीनं चहा दिला, आणि मग त्यांना मोकळा कोनाडा दिसला.

"आप्पा, बाप्पा कुठायत?"

"सुतक हाय."

त्यांचा चेहरा लगेच पडला. त्यात त्यांना फार वेळ लागत नाही. "अरारा! कोण गेलं? मला निरोप न्हाई आप्पा. मातीला आलो असतो मी."

"माती झालीच न्हाई आजून," आप्पा म्हणाले. "तशीच पडलीया उगडी. येताना पुलावरनं आला न्हवं? वास न्हाई आला?"

कार्यकर्त्यांतला एक फिस्सकन हसला. बाकीचे हसले नाहीत. भावी नगरसेवकांनी हातातल्या कपाकडं बघितलं.

"तुमाला बी लागतं सुतक," आप्पा शांतपणे म्हणाले. "तिचंच पानी पिऊन वाडलाव तुमी. घरचंच मानूस म्हनायचं. गनपतीला हात लावू नगा आता कुनाच्या. आन् ते प्येढं न्या मागारी, सुतकाच्या घरात ठिवत न्हाईत."

भावींनी कप खाली ठेवला. अर्धा तसाच होता. हसावं की रागवावं हे त्यांना ठरवता येईना. मग मोठ्या समजूतदारपणानं ते माझ्याकडं वळले. वय झालेल्या माणसाच्या मुलाकडं जग ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेनं. "भाऊसाहेब, तुम्ही तर शिकलेले आहात. आप्पांना जरा..."

मी उठलो. पेढ्यांचा बॉक्स उचलून त्यांच्या हातात दिला, दार उघडून धरलं आणि म्हणालो, "घरी गेल्यावर आंघोळ करून घ्या. डोक्यावरून."